जहाजासोबत येणारी सर्दी

ऑगस्ट १९७१ मध्ये दक्षिण अटलांटिक महासागरातल्या ट्रिस्टन डा कुन्हा या बेटाजवळ एक जहाज येऊन थांबले. केपटाऊनहून निघून त्याला आठ दिवस झाले होते. जहाजात बेटावरचे पाच रहिवासी होते. घरी परतणाऱ्या या पाचांपैकी तिघांना प्रवासातच ताप आणि खोकला सुरू झाला होता. माणसे बऱ्याच दिवसांनी परतली म्हणून घरोघरी भेटीगाठी झाल्या. बेटावर तेव्हा २८४ माणसे होती. पुढच्या काही आठवड्यांत त्यातल्या २७३ जणांना फ्लू झाला, म्हणजे शंभरातल्या शहाण्णवांना. डॉक्टरांना त्याहून कोड्यात टाकणारी गोष्ट पुढे घडली. यातले ९२ जण बरे झाले आणि त्याच साथीत पुन्हा आजारी पडले.

पन्नास वर्षांपूर्वीची ही घटना आज पुन्हा काढण्याचे कारण ताजे आहे. २० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी साथरोग करार स्वीकारला. कोविडच्या काळात लशींची जी ओढाताण झाली, ती पुन्हा होऊ नये हा त्याचा हेतू. मात्र करारातला सर्वांत अवघड भाग वेगळ्या परिशिष्टासाठी बाजूला काढून ठेवावा लागला. रोगजंतूंचे नमुने कोणी कोणाला द्यायचे आणि त्यांतून तयार होणाऱ्या लशी-औषधांतला वाटा नमुना देणाऱ्याला किती मिळायचा, हा तो भाग. हे परिशिष्ट ठरल्याशिवाय करार सह्यांसाठी खुला होत नाही. या वादाच्या मुळाशी दोन प्रश्न आहेत. साथ आली की दार बंद करून भागते का? आणि ज्याच्या रक्तातून ज्ञान निघाले, त्याला बदल्यात काय मिळाले? जगाच्या पाठीवरचे एक अगदी छोटे गाव या दोन्ही प्रश्नांतून जाऊन आले आहे. त्याचा अनुभव जिनिव्हातल्या चर्चेइतकाच बोलका आहे.

हे बेट आहे तरी कुठे? आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांच्या मधल्या अथांग पाण्यात. केपटाऊन सुमारे २,८०० किलोमीटरवर आणि सर्वांत जवळची वस्ती, म्हणजे सेंट हेलेना बेट, सुमारे २,४०० किलोमीटरवर. विमानतळ नाही आणि मोठे जहाज लागेल असे बंदरही नाही. ९८ चौरस किलोमीटरचे हे बेट म्हणजे मुळात समुद्रतळावरून वर आलेला एकच ज्वालामुखी. त्याचे टोक पाण्यावर २,०६२ मीटर उंच आहे, कळसूबाईपेक्षा चारशे मीटरहून अधिक. कडे सरळ समुद्रात उतरतात. वस्तीला जागा आहे ती वायव्येच्या एका अरुंद सपाटीवर. तिथे ‘एडिनबरो ऑफ द सेव्हन सीज’ असे भारदस्त नाव असलेले गाव आहे. शेजारी नाइटिंगेल आणि इनॲक्सेसिबल ही छोटी बेटे आणि बरेच दक्षिणेला गफ. या शेजाऱ्यांवर कायमची वस्ती नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला या दगडाची ओळख परकी वाटू नये. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त स्रोतातून ओतला गेला, तोच स्रोत आज हिंदी महासागरातले रियुनियन बेट घडवतो, असे भूवैज्ञानिक मानतात. ट्रिस्टनच्या खालच्या स्रोताची कथाही अशीच आहे. सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वी आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका एकमेकांपासून फाटत असताना ब्राझील आणि नामिबियात लाव्ह्याचे अफाट थर पसरले. त्या घडामोडीशी या स्रोताचे नाते जोडले जाते. त्या मानाने बेट अगदी तान्हे, काही लाख वर्षांचे. आणि ज्वालामुखी अजून जिवंत आहे.

बेटाच्या नावातही एक भारतीय धागा आहे. पोर्तुगीज दर्यावर्दी ट्रिस्टाव द कुन्हा १५०६ मध्ये आफोन्सो द आल्बुकर्कसह हिंदुस्थानाकडे निघाला असताना त्याला हे बेट दिसले. उतरता मात्र आले नाही. हाच माणूस त्याआधी पोर्तुगीज हिंदुस्थानाचा पहिला व्हाइसरॉय म्हणून नेमला गेला होता. ऐन वेळी त्याला तात्पुरते अंधत्व आले आणि ते पद दुसऱ्याला गेले. आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला. ट्रिस्टावचा मुलगा नुनो द कुन्हा पुढे गव्हर्नर झाला. त्याच्याच काळात १५३० मध्ये पोर्तुगीज सत्तेची राजधानी कोचीनहून गोव्याला आली आणि १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून वसई आणि मुंबईची बेटे पोर्तुगिजांना मिळाली. बापाच्या नावाचे बेट मात्र पुढची तीनशे वर्षे ओसाडच राहिले.

वस्ती झाली ती नेपोलियनमुळे. तो सेंट हेलेनावर कैदेत होता. त्याला सोडवायला कोणी इथून येऊ नये म्हणून ब्रिटिशांनी १८१६ मध्ये ट्रिस्टनवर लष्करी तुकडी ठेवली. पुढच्याच वर्षी ती काढून घेतली. विल्यम ग्लास नावाचा स्कॉटिश कॉर्पोरल बायकामुलांसह मागे राहिला, सोबत दोन गवंडी. सर्वांचा वाटा सारखा, कोणी कोणाचा वरिष्ठ नाही, असा करार त्यांनी केला. १८२७ मध्ये सेंट हेलेनाहून पाच स्त्रिया आल्या आणि बेटावरच्या पाच अविवाहितांचे संसार उभे राहिले. पुढे फुटलेल्या जहाजांतले काही खलाशी इथेच थांबले. १८९२ मध्ये इटलीतल्या कामोग्ली गावचे दोघे असेच राहिले. आजच्या बेटवासीयांची वंशावळ जवळजवळ सगळी अशा पंधरा माणसांपर्यंत मागे जाते, आठ पुरुष आणि सात स्त्रिया. आडनावे कित्येक पिढ्या सातच होती.

मधल्या काळात हे पात्र दोनदा आणखी अरुंद झाले. ग्लास वारल्यानंतर अनेक कुटुंबे निघून गेली आणि १८५५ ते १८५७ या दोन वर्षांत लोकसंख्या १०३ वरून ३३ वर आली. १८८५ मध्ये एका जाणाऱ्या जहाजाशी देवघेव करायला निघालेली होडी बुडून पंधरा पुरुष गेले. त्यानंतरही अनेकांनी बेट सोडले आणि १०६ ची वस्ती १८९१ पर्यंत ५९ वर आली. हे आकडे लक्षात ठेवायला हवेत. पुढे दम्याचा विषय येईल तेव्हा ते लागतील.

आधी सर्दीचे पाहू. बेटावरचे लोक फार पूर्वीपासून सांगत होते की सर्दी जहाजातून येते. वैद्यकशास्त्राने हे लोकज्ञान मान्य करायला वेळ लावला. गारवा, पाऊस, भिजणे यांना सर्दीसाठी जबाबदार धरण्याची सवय डॉक्टरांनाही होती. १९६० च्या दशकात ब्रिटनमधल्या सर्दी संशोधन केंद्राचे डेव्हिड टिरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटावरच्या डॉक्टरांच्या नोंदी जहाजांच्या वेळापत्रकाशी ताडून पाहिल्या. सर्दीच्या बहुतेक साथी जहाज येऊन गेल्यावर सुरू होत होत्या, विशेषतः केपटाऊनहून आलेले. काही आठवड्यांत साथ आपोआप विझे. ट्रिस्टनवर वारा आणि पाऊस यांची कमतरता कधीच नव्हती. तरीही दोन जहाजांच्या मधल्या काळात, भर हिवाळ्यातही, नाके कोरडी राहत.

यामागचे गणित सोपे आहे. विषाणूला जिवंत राहायला सतत नवा, न लागण झालेला माणूस लागतो. अडीचशे माणसांच्या गावात तो पाहता पाहता सर्वांपर्यंत पोहोचतो आणि मग त्याला जायला जागा उरत नाही. गोवरासारख्या आजाराला एखाद्या बेटावर कायम टिकून राहायचे तर काही लाखांची वस्ती लागते, असे बेटांच्याच अभ्यासातून १९६६ मध्ये दिसून आले. मुंबई-पुण्यात सर्दी ‘येत’ नाही, ती असतेच. आज एका इमारतीत, उद्या दुसऱ्या. ट्रिस्टनवर ती खरोखर येते आणि खरोखर जाते.

पण याची दुसरी बाजू जड आहे. विषाणू नसण्याच्या काळात शरीराची त्याच्याशी ओळख पुसट होते किंवा होतच नाही. मग तो येतो तेव्हा थोड्यांना गाठत नाही, सगळ्यांना एकदम गाठतो. १९७१ मध्ये आलेला फ्लू एच३एन२ प्रकारचा होता. १९६८ मध्ये हाँगकाँगपासून जगभर पसरलेला हा प्रकार बेटाला नवा होता. गावातले नव्वद टक्क्यांहून अधिक लोक थोड्या दिवसांच्या अंतराने झोपले, तर गाई कोणी दोहायच्या, पाणी कोणी भरायचे, आजाऱ्याला कोणी पाहायचे, हा विषाणूपेक्षा मोठा प्रश्न होतो. मोठ्या शहरात साथीच्या ऐन भरातही शेजारचा कोणीतरी धडधाकट असतो.

पुन्हा आजारी पडलेल्या त्या ९२ जणांनी तर संशोधकांना चाळीस वर्षे काम दिले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे आकडे निरनिराळ्या गणिती प्रतिमानांत घालून पाहिले गेले. पहिल्या आजारानंतरचे तात्पुरते संरक्षण ओसरणे आणि टिकाऊ प्रतिपिंडे तयार होणे यांच्यामध्ये एक फट राहते, आणि काहींमध्ये टिकाऊ संरक्षण तयारच होत नाही, हे स्पष्टीकरण आकड्यांशी सर्वांत चांगले जुळले. एरवी शहरातल्या गर्दीत ही फट कोणाच्या नजरेस पडली नसती. ट्रिस्टनवर कोण कधी आजारी पडले, हे बेटावरच्या डॉक्टरांच्या नोंदीत होते.

मग बेटाने दार बंदच ठेवावे का? याचे उत्तर हो आणि नाही असे दोन्ही आहे, आणि पुरावाही दोन्हीकडचा आहे. १९१८ मध्ये न्यूझीलंडहून आलेले एक जहाज पश्चिम सामोआत फ्लू घेऊन उतरले आणि तिथली पाचव्या हिश्शाहून अधिक वस्ती मेली. शेजारच्या अमेरिकन सामोआने जहाजांवर कडक निर्बंध घातले आणि तिथे त्या फ्लूने एकही मृत्यू झाला नाही. दार बंद करणे मूर्खपणा आहे असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये. पण फेरो बेटांचाही दाखला आहे. तिथे १७८१ नंतर पासष्ट वर्षे गोवर आलाच नाही. १८४६ मध्ये आला तेव्हा ७,७८२ लोकवस्तीतले सहा हजारांहून अधिक आजारी पडले. पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने तेव्हा टिपून ठेवले की १७८१ मध्ये गोवर होऊन गेलेले म्हातारे या साथीतून सुटले. पासष्ट वर्षे बंद राहिलेल्या दाराने इतरांना काहीच दिले नव्हते. कारण त्या काळात गोवराची लस नव्हती आणि वाट पाहण्याला काही अर्थही नव्हता.

२०२० मध्ये ट्रिस्टनने पर्यटक जहाजांना दार लावले, तेव्हा वाट पाहण्याला अर्थ होता. एप्रिल २०२१ मध्ये ब्रिटिश नौदलाचे ‘एचएमएस फोर्थ’ हे जहाज फॉकलंड बेटांवरून कोविडची लस घेऊन आले आणि बेटावरच्या प्रौढांचे लसीकरण झाले. इथे दार बंद ठेवण्याचे सार्थक झाले, पण ते लस बनवणारे, ती देऊ करणारे आणि नौदलाचे जहाज एवढ्या लांब पाठवणारे कोणी होते म्हणून. साथरोग करारावर भांडणाऱ्या गरीब देशांचे म्हणणे नेमके हेच आहे. त्यांनी २०२० मध्ये दार लावून आपापल्या अर्थव्यवस्था रक्ताळून घेतल्या आणि लस मात्र रांगेच्या शेवटी आली.

जहाजातून अर्थात फक्त विषाणू येत नाहीत. ट्रिस्टनच्या दातांची गोष्ट दंतवैद्यकाच्या जुन्या पुस्तकांत सापडते. १९३७-३८ मध्ये नॉर्वेची एक वैज्ञानिक मोहीम बेटावर राहिली. त्यात एक दंतवैद्यही होता. बटाटे, मासे, दूध आणि समुद्रपक्ष्यांची अंडी खाणाऱ्या या लोकांचे दात विलक्षण निरोगी असल्याचे त्याला आढळले. दात घासायची फारशी पद्धत नव्हती हे विशेष. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस शेवंड म्हणजे मोठी समुद्री कोळंबी डबाबंद करण्याचा उद्योग आला. मजुरीचा पैसा आला, दुकान आले आणि दुकानात साखर आली. एका पिढीत मुलांचे दात किडले. साखरेचा आणि दातांचा संबंध सिद्ध करायला याहून स्वच्छ प्रयोग शोधून मिळाला नसता, पण प्रयोगात भाग घेणाऱ्या मुलांना कोणी विचारले नव्हते.

१८८२ मध्ये एका फुटलेल्या जहाजातून उंदीर किनाऱ्याला लागले आणि मुख्य बेटावरची पक्ष्यांची घरटी त्यांनी धुऊन काढली. इनॲक्सेसिबल बेटावर उंदीर पोहोचले नाहीत, म्हणून जगातला सर्वांत लहान न उडणारा पक्षी तिथे अजून आहे. वजन जेमतेम चाळीस ग्रॅम. गफ बेटावर माणसांबरोबर आलेले साधे घरगुती उंदीर अल्बाट्रॉसची जिवंत पिल्ले कुरतडून खातात. २०२१ मध्ये त्यांचा नायनाट करण्याची मोठी मोहीम झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात एक जिवंत उंदीर दिसला. मोहीम फसली. मार्च २०११ मध्ये ब्राझीलहून सोयाबीन घेऊन सिंगापूरकडे निघालेले ‘ऑलिव्हा’ हे मालवाहू जहाज नाइटिंगेलच्या खडकावर आदळून फुटले. बावीस खलाशी वाचले. तेलात माखलेले साडेतीन हजारांहून अधिक पेंग्विन बेटवासीयांनी होड्यांतून गावात आणले, धुतले, गावाच्या पोहण्याच्या तलावात ठेवले. त्यातले दहातले नऊ तरीही गेले. २०२० मध्ये बेटाने सुमारे सात लाख चौरस किलोमीटर समुद्र संरक्षित जाहीर केला, महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक. मात्र २०२३ मध्ये बर्ड फ्लू दक्षिण जॉर्जियापर्यंत पोहोचला तो पक्ष्यांच्या पंखांवरून. त्याला जहाज लागत नाही आणि बंदराचे नियमही.

१९६१ मध्ये उलटे घडले. जगाकडून बेटाकडे काही आले नाही, बेटच जगाकडे गेले. ऑगस्टपासून भूकंपाचे धक्के बसत होते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात गावाला लागूनच जमीन फुगली, फाटली आणि लाव्हा वाहू लागला. सर्व २६४ जण आधी होड्यांनी नाइटिंगेलवर, मग जहाजाने केपटाऊनला आणि तिथून इंग्लंडला नेले गेले. ज्वालामुखीने एकही बळी घेतला नाही. इंग्लंडच्या हिवाळ्याने घेतले. सर्दी, ब्राँकायटिस, न्यूमोनिया यांनी माणसे बेजार झाली आणि काही वृद्ध त्या पहिल्याच हिवाळ्यात गेले. डिसेंबर १९६२ मध्ये परत जायचे का यावर मतदान झाले. बाजूने १४८, विरोधात ५. वीज, दूरदर्शन, पक्की नोकरी सोडून लोक १९६३ मध्ये परतले. इंग्रजी वर्तमानपत्रांना याचे फार आश्चर्य वाटले. ज्यांच्या घरात दोन म्हातारी माणसे खोकल्याने गेली होती, त्यांना वाटले नसावे.

इंग्लंडमधल्या त्या दोन वर्षांत डॉक्टरांनी त्यांना नखशिखांत तपासले. पंधरा पूर्वजांची, काटेकोर वंशावळ असलेली, सारख्याच हवेत सारखेच अन्न खाणारी दोन-अडीचशे माणसे एकत्र हाती लागणे ही आनुवंशिकीसाठी पर्वणी होती. रातांधळेपणापासून सुरू होऊन दृष्टी घालवणारा रेटिनायटिस पिग्मेंटोसा हा एरवी दुर्मीळ विकार एवढ्याशा वस्तीत चार जणांना होता. आणि दमा तर जवळजवळ घरोघरी. पहिल्या वसाहतकऱ्यांपैकी तिघांना दमा होता असे मानले जाते. मोठ्या समाजात तिघांचे जनुक पातळ होऊन जाते. १०३ वरून ३३ आणि १०६ वरून ५९ अशा दोन चाळण्यांतून गेलेल्या वस्तीत ते साचून राहते. संस्थापकांचा परिणाम म्हणतात तो हाच.

१९९३ मध्ये टोरोंटो विद्यापीठाचे श्वसनरोगतज्ज्ञ डॉ. नो झॅमेल आपल्या पथकासह बेटावर गेले. त्यांनी २८२ जणांची तपासणी केली, म्हणजे जवळजवळ सगळ्यांचीच. निम्म्याहून अधिक जणांत दम्याची काही ना काही खूण आढळली. लोकांनी आनंदाने रक्त दिले. दम्याचे कारण सापडेल, औषध निघेल, आपल्या पोरांना उपयोग होईल, ही त्यांची अपेक्षा होती आणि ती अवाजवी नव्हती. हे नमुने पुढे कॅलिफोर्नियातल्या एका जैवतंत्रज्ञान कंपनीच्या संशोधनात गेले. १९९७ मध्ये कंपनीने दम्याशी संबंधित जनुक सापडल्याची घोषणा केली. त्यामागे एका बड्या युरोपीय औषध कंपनीशी आर्थिक करार होता. जनुकांच्या मक्तेदारीविरुद्ध बोलणाऱ्या संघटनांनी तेव्हाच विचारले होते की यात बेटाचा हिस्सा कोणता? जवळपास तीन दशके उलटली. त्या जनुकावर बेतलेले दम्याचे औषध बाजारात आलेले नाही.

यात कोणी लबाडी केली असे म्हणण्याची घाई करू नये. दमा एका जनुकाचा आजार नाही, हे नंतर कळले. शेकडो ठिकाणचे बारीक फरक, घरातली धूळ, धुळीतले किडे, बालपणीचे विषाणू असे सगळे मिळून तो होतो. विज्ञानात असे अपयश येते. प्रश्न दुसरा आहे. यश आले असते, तर बेटाला काय मिळाले असते, हे आधी कुठे ठरले होते? दक्षिण आफ्रिकेतल्या आनुवंशिकीतज्ज्ञ हिमला सूडयाल आणि सहकाऱ्यांनी याच लोकांच्या जनुकांवरून वंशावळ तपासली, तेव्हा नोंदीत नसलेला एक पूर्वजही निघाला. अडीचशे माणसांच्या गावात अशी माहिती म्हणजे शास्त्रीय तळटीप नसते. ती कोणाच्या तरी पणजीची खासगी गोष्ट असते. नाव न छापल्याने गोपनीयता राहते, हा नियम जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे लागू पडत नाही.

इंडोनेशियाने २००७ मध्ये बर्ड फ्लूचे नमुने देणे थांबवले, तेव्हा त्यांची तक्रार याच जातीची होती. नमुना आमचा, लस त्यांची, आणि आम्हाला ती परवडत नाही. त्यातून २०११ मध्ये निदान फ्लूपुरती लाभवाटपाची चौकट तयार झाली. इतर रोगजंतूंसाठी तसे काही करायचे म्हटले की गाडी अडते. औषध कंपन्यांचे म्हणणे असते की आधीच वाटा बांधून घेतला तर संशोधनात पैसा कोण घालणार? या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पण ट्रिस्टनच्या अनुभवावरून एवढे दिसते की ‘आधी द्या, मग बघू’ या व्यवस्थेत ‘मग’ कधी उजाडत नाही.

हा प्रश्न भारताच्या दारातही आहे. जनुकीय दृष्ट्या भारत हा एक सलग समाज नाही. पिढ्यान् पिढ्या जातीत लग्ने झाल्याने तो बेटांचा समूह आहे, फक्त मध्ये पाणी नाही. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातल्या आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवले की दक्षिण आशियातल्या अभ्यासलेल्या समूहांपैकी ८१ समूहांत संस्थापकांचा परिणाम फिनलंडच्या लोकांपेक्षाही तीव्र आहे. त्यातल्या काहींची संख्या दहा लाखांच्या वर आहे. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजातल्या काहींना शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करणारे एक नेहमीचे औषध उतरायला फार वेळ लागतो, हे भूलतज्ज्ञांना पूर्वीपासून ठाऊक आहे. जानेवारी २०२५ मध्ये ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातली दहा हजार भारतीयांची जनुकीय माहिती संशोधकांसाठी खुली झाली. ती फरिदाबादच्या केंद्रात आहे, देशातच आहे, हे चांगलेच झाले. पण रक्त देणाऱ्या समूहाला त्याच्या आजाराची चाचणी पुढे जिल्हा रुग्णालयात फुकट मिळणार की खासगी प्रयोगशाळेत विकत, हे संमतीपत्रावर सही घेताना सांगायला हवे.

ट्रिस्टनवर आज सव्वादोनशे ते अडीचशेच्या दरम्यान माणसे आहेत. तरुण शिकायला जातात, सगळे परतत नाहीत, आणि गाव वयाने वाढते आहे. २०१७ मध्ये नवे आरोग्य केंद्र झाले, नाव कामोग्ली, त्या दोन इटालियन खलाशांच्या गावावरून. डॉक्टर बाहेरून मुदतीवर येतात. मोठी शस्त्रक्रिया, कर्करोगाचे उपचार, हृदयाची तपासणी यांसाठी केपटाऊन गाठावे लागते. म्हणजे जहाज यावे लागते, समुद्र शांत असावा लागतो, होडी धक्क्याला लागावी लागते आणि मग आठवडाभर प्रवास. वर्षभरात जहाजे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. हृदयविकाराच्या झटक्यात पहिला तास सोन्याचा, हे वैद्यकीय सुभाषित तिथे ऐकवण्यात अर्थ नाही.

२००७ च्या अखेरीस बेटावर पुन्हा विषाणूजन्य श्वसनविकाराची साथ आली. साध्या सर्दीसारखी सुरू झालेली ही साथ दम्याच्या रुग्णांना जड गेली. पंधरा पूर्वजांकडून आलेले जनुक आणि जहाजातून आलेला विषाणू एकाच छातीत भेटले होते. बेटावरचा औषधांचा साठा पुरेना आणि बाहेर मदत मागावी लागली. तेव्हाही आणि आजही, दमा आटोक्यात ठेवणारे पंप तिथे केपटाऊनच्या जहाजातूनच येतात, सर्दी आणणाऱ्या त्याच जहाजातून.